बिट्स पिलानी की व्हीआयटी वेल्लोर? एका ठिकाणी मार्क प्रवेश ठरवतात, दुसऱ्या ठिकाणी फी

बारावी सायन्सच्या घरात एप्रिल-मे महिन्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आयआयटी नाही झालं तर बिट्स, बिट्स नाही झालं तर व्हीआयटी." म्हणजे जणू एकाच जिन्याच्या या खालीवर पायऱ्या आहेत. वरची पायरी अवघड आणि महाग, खालची सोपी आणि स्वस्त. इन्स्टावरच्या रील्समध्येही दोघांची तुलना अशीच चालते. एका बाजूला कटऑफ, दुसऱ्या बाजूला पॅकेज, मध्ये "व्हर्सेस" आणि खाली कमेंट्समध्ये भांडणं.

प्रत्यक्षात व्हीआयटीची एक सीट दुसऱ्या सीटपेक्षा अडीचपट महाग असू शकते. तीच शाखा, तोच वर्ग, तीच डिग्री. आणि व्हीआयटीची सगळ्यात महाग सीट घेतली, तर चार वर्षांचा खर्च बिट्सच्या जवळपास जाऊन पोहोचतो. हे बऱ्याच पालकांना काउन्सेलिंगच्या दिवशी स्क्रीनवर आकडा दिसल्यावर कळतं. म्हणून ते आधीच समजून घेऊया.

आधी नावांचा गोंधळ

महाराष्ट्रात "व्हीआयटी" म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यासमोर पुण्यातलं बिबवेवाडी येतं. ते विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. मुंबईकरांना वडाळ्याचं विद्यालंकार आठवतं, त्याचं लघुरूपही व्हीआयटीच. ही दोन्ही कॉलेजं आपल्या राज्याच्या कॅप राउंडमधून, म्हणजे एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेनच्या गुणांवर मिळतात. आपण बोलतोय ते वेल्लोरच्या व्हीआयटीबद्दल. जी. विश्वनाथन यांनी १९८४ मध्ये तमिळनाडूत वेल्लोर इंजिनीअरिंग कॉलेज सुरू केलं आणि २००१ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वेल्लोर आणि चेन्नई हे त्याचे दोन जुने कॅम्पस. अमरावती आणि भोपाळ इथं याच समूहाची वेगळी विद्यापीठं आहेत. ही अमरावती आंध्र प्रदेशातली, आपल्या विदर्भातली नाही. हे सांगावं लागतं.

बिट्सचंही तसंच आहे. बिर्ला इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स म्हणजे बिट्स. रांचीजवळच्या मेसरा इथलं बिर्ला इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी वेगळं, तिथं जेईई मेन चालते. बिट्सची मूळ जागा राजस्थानातल्या झुंझुनू जिल्ह्यातलं पिलानी. १९६४ मध्ये घनश्यामदास बिर्ला यांच्या पुढाकारानं ते आजच्या रूपात उभं राहिलं. नंतर दुबई, २००४ मध्ये गोवा आणि २००८ मध्ये हैदराबाद असे कॅम्पस झाले. गोव्याचा कॅम्पस दाबोळी विमानतळाजवळ झुआरीनगरला आहे आणि महाराष्ट्रातल्या मुलांची साहजिकच त्यावर नजर असते. पण गोव्याचे रहिवासी आहात किंवा शेजारच्या सिंधुदुर्गातले आहात, याचा प्रवेशात काहीही फायदा मिळत नाही.

दोन परीक्षा, दोन वेगळे हिशोब

दोन्ही ठिकाणी जेईई चालत नाही. दोघांची स्वतःची परीक्षा आहे आणि ती फक्त इंग्रजीत असते.

बिट्सची परीक्षा म्हणजे बिटसॅट. तीन तास, १३० प्रश्न, ३९० गुण. बरोबर उत्तराला तीन, चुकलं तर एक वजा. गणिताचे ४०, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ३०-३०, लॉजिकल रीझनिंगचे २० आणि इंग्रजीचे १०. हे शेवटचे ३० प्रश्न महाराष्ट्र बोर्डाची मुलं हलक्यात घेतात. खरं तर ते ९० गुण आहेत, आणि कटऑफला दोन-चार गुणांवर शाखा बदलते. जलद मुलांसाठी आणखी एक खिडकी आहे. सगळे १३० प्रश्न वेळेआधी सोडवले तर १२ जादा प्रश्न मागता येतात, मात्र एकदा ते घेतले की मागे जाऊन आधीची उत्तरं बदलता येत नाहीत. परीक्षा दोन सत्रांत होते. दोन्ही दिली तर जास्त गुण ग्राह्य धरतात.

व्हीआयटीची परीक्षा म्हणजे व्हीआयटीईईई. २०२४ च्या स्वरूपात अडीच तासांत १२५ प्रश्न होते आणि निगेटिव्ह मार्किंग नव्हतं. म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही, येत नसेल तर अंदाजानं का होईना टिक करायचं. प्रश्नांची काठिण्यपातळीही बिटसॅटपेक्षा सौम्य मानली जाते.

दोघांमधला खरा फरक मात्र निकालात दिसतो. बिटसॅट तुम्हाला फक्त गुण सांगतं. रँक नाही, पर्सेंटाइल नाही. व्हीआयटी नेमकं उलट करतं, ते फक्त रँक सांगतं. हा तांत्रिक तपशील वाटेल, पण दोन्ही विद्यापीठांची सगळी रचना यात आहे. बिट्सला एकच गोष्ट ठरवायची असते, तुम्ही रेषेच्या वर आहात की खाली. व्हीआयटीला सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं असतं, कारण रांगेतल्या जागेवरून पुढे तुमचं बिल ठरणार असतं.

बिट्सचं दार: अरुंद, पण सगळ्यांना एकच

बिट्सला अर्ज करायचा तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ७५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ६० टक्के लागतात. सीईटीला ९८ पर्सेंटाइल आहेत पण बोर्डात पीसीएम ७२ टक्क्यांवर अडकलं, तर बिटसॅटला कितीही गुण असले तरी उपयोग नाही. शिवाय बारावी त्याच वर्षी किंवा त्याच्या आदल्या वर्षी झालेली हवी. म्हणजे एकच ड्रॉप.

कटऑफ किती वर आहे बघा. २०२४ मध्ये पिलानीच्या कॉम्प्युटर सायन्सचा शेवटचा कटऑफ ३९० पैकी ३२७ होता. गोव्याचा ३०१, हैदराबादचा २९८. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ ला, पिलानी ३३१, गोवा २९५ आणि हैदराबाद २८४. म्हणजे पिलानी जागेवरच राहिलं आणि हैदराबाद एका वर्षात १४ गुणांनी चढलं. बिट्सच्या कटऑफकडे बघताना एकाच वर्षाचा आकडा धरून बसू नये, तो याचसाठी. सिव्हिल, केमिकल, बी.फार्म यांचे कटऑफ कॉम्प्युटरपेक्षा बरेच खाली असतात. "बिट्सला २५० गुणांत जागा मिळाली" असं कोणी सांगितलं तर ते खोटं नसतं, फक्त शाखा वेगळी असते.

इथं मॅनेजमेंट कोटा नाही, राज्याचा कोटा नाही, जातीनिहाय आरक्षणही नाही. प्रत्येक बोर्डाच्या पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला थेट प्रवेश मिळतो आणि परदेशी विद्यार्थ्यांची वाट वेगळी आहे, एवढाच अपवाद. आरक्षण का नाही, हा प्रश्न कमेंट्समध्ये दरवर्षी पेटतो. त्याचं उत्तर कायद्यात आहे. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सांगितलं, की सरकारी अनुदान न घेणाऱ्या खासगी संस्थांवर सरकार आपलं आरक्षण लादू शकत नाही. त्यानंतर राज्यघटनेत कलम १५ (५) आलं आणि खासगी संस्थांसाठीही तसा कायदा करण्याची मुभा सरकारला मिळाली. पण केंद्रानं २००६ मध्ये जो कायदा केला तो केंद्राच्या संस्थांपुरताच राहिला. बिट्स आणि व्हीआयटी दोन्ही त्याच्या बाहेर आहेत. व्हीआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना बारावीच्या गुणांच्या अटीत सवलत आहे, पण राखीव जागा नाहीत.

आता फी. बिट्समध्ये बी.ई.च्या सगळ्या शाखांची ट्यूशन फी सारखी असते. ३८० गुण मिळवून कॉम्प्युटरला गेलेला आणि त्याच्यापेक्षा शंभर गुण कमी असलेला, दोघं एकच रक्कम भरतात. २०२४ च्या प्रवेशाला ही रक्कम वर्षाला साडेपाच लाखांच्या आसपास होती. त्यावर होस्टेल, मेस, सुरुवातीची प्रवेश फी. शिवाय फी वर्षागणिक वाढते, म्हणून पहिल्या वर्षाच्या आकड्याला चारनं गुणून थांबायचं नाही. सगळं धरून चार वर्षांचा हिशोब २६ ते ३० लाखांच्या घरात जातो.

बिट्समध्ये एक पाच वर्षांची वाटही आहे, तिला ड्युअल डिग्री म्हणतात. कमी गुणांत एम.एस्सी. गणित, अर्थशास्त्र किंवा भौतिकशास्त्राला प्रवेश घ्यायचा आणि पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर बी.ई.ची शाखा मिळवायची. चांगली वाट आहे, बरेच जण याच वाटेनं कॉम्प्युटरला पोहोचतात. पण याचा अर्थ पाचव्या वर्षाची फी आणि पाचव्या वर्षाचं होस्टेल. "कमी गुणांत बिट्स" याची किंमत सहा-सात लाख रुपये आणि एक वर्ष, असं घरात आधीच बोलून घ्यावं.

व्हीआयटीचं दार: रुंद, पण आत पाच खिडक्या

व्हीआयटीत प्रवेश "मिळणं" तुलनेनं सोपं आहे, यात वाद नाही. बारावीला पीसीएममध्ये ६० टक्के पुरतात. शाखा भरपूर, जागा हजारोंनी. नुसत्या कॉम्प्युटर सायन्सचेच एआय, डेटा सायन्स, इन्फर्मेशन सिक्युरिटी, आयओटी, बायोइन्फर्मेटिक्स असे फाटे आहेत. वेल्लोर आणि चेन्नईच्या काउन्सेलिंगला एक लाखापर्यंतचा रँक चालतो. त्याच्या पुढच्यांना आंध्र आणि भोपाळचे कॅम्पस उरतात. एक लाख! बिट्सच्या तुलनेत हे दार म्हणजे एसटी स्टँडचं फाटक.

पण आत गेल्यावर खिडक्या पाच आहेत, आणि त्यांना कॅटेगरी म्हणतात. इथं "कॅटेगरी" या शब्दाचा जातीशी काही संबंध नाही. अर्थ फक्त फीचा. कॅटेगरी एक सगळ्यात स्वस्त, कॅटेगरी पाच सगळ्यात महाग. शाखांचे दोन गट केलेले असतात. कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स अशा मागणी असलेल्या शाखांच्या गटात २०२४ च्या आसपास कॅटेगरी एकची ट्यूशन फी वर्षाला सुमारे १.९५ लाख होती. कॅटेगरी दोनला ती तीन लाखांच्या वर जाते, तीनला चार लाख, चारला साडेचार लाखांच्या जवळ. आणि कॅटेगरी पाचला सुमारे ४.९० लाख.

हे आकडे तसेच राहिले असं धरलं, तर चार वर्षांत कॅटेगरी एकचा विद्यार्थी सुमारे ७.८ लाख ट्यूशन फी भरतो आणि कॅटेगरी पाचचा १९.६ लाख. जवळजवळ बारा लाखांचा फरक. दोघं एकाच बाकावर बसतात, एकच प्राध्यापक शिकवतात, डिग्रीवर कॅटेगरीचा उल्लेख नसतो.

स्वस्त खिडकी कोणाला मिळते? ज्याचा रँक वर आहे त्याला. म्हणजे व्हीआयटीची परीक्षा ही प्रवेशासाठी कमी आणि सवलतीसाठी जास्त असते. "व्हीआयटी तर मिळेलच" म्हणून तयारी न करता परीक्षेला जाणारी मुलं प्रवेश गमावत नाहीत, बारा लाख गमावतात.

काउन्सेलिंगचा फॉर्म याच कारणानं फसवा आहे. तिथं तुम्ही नुसती शाखा निवडत नाही. कॅम्पस, शाखा आणि कॅटेगरी या तिन्हींची मिळून एक पसंती बनते. "वेल्लोर, कॉम्प्युटर, कॅटेगरी एक" ही एक पसंती. "वेल्लोर, कॉम्प्युटर, कॅटेगरी पाच" ही दुसरी. यादीत वरून खाली येताना तुमच्या रँकला जी पहिली मिळते, ती तुमची. खालच्या पसंत्या मग कोणी बघत नाही.

समजा, एका मुलीनं वेल्लोर कॅम्पसच्या हौसेनं "वेल्लोर कॉम्प्युटर कॅटेगरी पाच" वर टाकलं आणि त्याखाली "चेन्नई इलेक्ट्रॉनिक्स कॅटेगरी दोन". तिच्या रँकला दोन्ही मिळण्यासारखं आहे. सिस्टीम तिला वरचं देणार, कारण तिनंच ते वर मागितलंय. चेन्नईच्या सीटवर वर्षाला जवळपास दोन लाख वाचले असते, हे नंतर कळून उपयोग नाही. कॅटेगरी चारही वर्षं तीच राहते. दुसऱ्या वर्षी नऊच्या वर सीजीपीए आला म्हणून पाचची दोन होत नाही.

म्हणून फॉर्म भरण्याआधी आई-बाबांशी एकच गोष्ट ठरवा, आपण कोणत्या कॅटेगरीपर्यंत जाऊ शकतो. त्यापुढची एकही पसंती यादीत टाकू नका. "टाकून बघू, नको असेल तर सोडू" हे इथं चालत नाही.

ट्यूशन फीवर होस्टेल आणि मेस. खोलीत किती जण, एसी आहे की नाही, मेस कुठलं यावर ती रक्कम ठरते. वर्षाला दीड लाख धरलं तर चार वर्षांचे सहा लाख. म्हणजे कॅटेगरी एकचा एकूण खर्च १४ लाखांच्या आसपास, कॅटेगरी पाचचा २५ लाखांच्या पुढे. आता वर बिट्सचा आकडा पुन्हा बघा. २६ ते ३०. "बिट्स परवडत नाही म्हणून व्हीआयटी" हे वाक्य कॅटेगरी एक-दोनसाठी खरं आहे. कॅटेगरी पाचसाठी ते जवळजवळ खोटं आहे.

एनआरआय नातेवाईकांच्या नावानं येणारी वाट यात धरलेली नाही. तिला परीक्षा लागत नाही आणि फी वेगळी असते.

स्कॉलरशिप कोणाला?

दोघांचं तत्त्व इथंही वेगळं आहे. व्हीआयटीत सवलत वरच्या टोकाला आहे. बोर्डात पहिल्या आलेल्यांना चारही वर्षं पूर्ण फी माफ. परीक्षेत पहिल्या दहा रँकना ७५ टक्के, ११ ते ५० ला ५० टक्के, ५१ ते १०० ला २५ टक्के माफी. दीड-दोन लाख मुलांमधले शंभर. बाकीच्यांसाठी कॅटेगरी एक हीच काय ती स्कॉलरशिप. तमिळनाडूतल्या ग्रामीण सरकारी शाळांच्या मुलांसाठी व्हीआयटीची स्टार्स नावाची चांगली योजना आहे, पण ती त्याच राज्यापुरती.

बिट्समध्ये गुणांवर मिळणाऱ्या स्कॉलरशिपबरोबर मेरिट-कम-नीड नावाची दुसरी एक आहे, ज्यात घरचं उत्पन्न बघितलं जातं. उत्पन्नाचे कागद देऊन अर्ज करावा लागतो, आणि मंजूर झाली तर ट्यूशन फीचा ठरावीक टक्का माफ होतो. पुढे ती टिकवायला सीजीपीए सांभाळावा लागतो. म्हणून मध्यम उत्पन्नाच्या घरातल्या, बिट्सच्या कटऑफवर आलेल्या मुलांनी फक्त फीचा आकडा बघून नाव कापून टाकू नये. अर्ज आधी करा. शेवटच्या वर्षात बिट्सचा प्रॅक्टिस स्कूल नावाचा सहा महिन्यांचा कंपनीतला काळ असतो, त्यात बऱ्याच कंपन्या स्टायपेंड देतात. खर्चाचा थोडा भार तिथं हलका होतो, पण त्या सहामाहीची फीही भरावीच लागते.

आणि महाराष्ट्रात राहिलं तर?

ही तुलना करताना तिसरा आकडा टेबलवर ठेवलाच पाहिजे. राज्याच्या कॅप राउंडमधून खासगी इंजिनीअरिंग कॉलेजला प्रवेश घेतला आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून अर्धी ट्यूशन फी मिळते. २०२४ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना याच उत्पन्नमर्यादेत पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे. या सवलती अभिमत विद्यापीठांना लागू नाहीत. राज्यातल्या खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, अभिमत विद्यापीठं आपली फी स्वतः ठरवतात, हाही फरक आहेच. तेव्हा साताऱ्यातल्या ओबीसी मुलीसाठी प्रश्न "बिट्स की व्हीआयटी" एवढाच नसतो. पुण्यातलं बऱ्यापैकी कॉलेज जवळजवळ बिनफीचं, की वेल्लोरची कॅटेगरी चार, असा तो असतो. तिथं मला तरी कॅटेगरी चारच्या बाजूनं बोलणारं काही सापडत नाही.

कर्ज काढणार असाल तर हप्त्यात विचार करा. १० टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली, तर १४ लाखांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे साडेअठरा हजार येतो. २५ लाखांचा सुमारे ३३ हजार. शिक्षण सुरू असताना साचलेलं व्याज यात नाही, ते धरलं तर दोन्ही आकडे वाढतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, पण दरवर्षी ठरावीक विद्यार्थ्यांनाच. संस्थांची यादी एनआयआरएफ रँकिंगवर बेतलेली असते.

एनआयआरएफचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. २०२४ च्या इंजिनीअरिंगच्या यादीत व्हीआयटी ११ व्या क्रमांकावर होतं आणि बिट्स २० व्या. प्रवेश मिळवायला कितीतरी अवघड असलेलं विद्यापीठ नऊ जागा खाली! एनआयआरएफमध्ये संशोधन निबंध, प्राध्यापकसंख्या, पीएच.डी. अशा गोष्टींना गुण असतात, प्रवेश किती अवघड आहे याला नाही. त्यामुळे नातेवाईकांच्या ग्रुपवर कोणी हे रँकिंग टाकून "बघा, व्हीआयटी वर आहे" म्हणालं, तर आकडा खरा आहे, पण तो या प्रश्नाचं उत्तर नाही.

पैसे भरण्याचं वेळापत्रक

सगळ्यात जास्त धावपळ इथं होते. व्हीआयटीची परीक्षा एप्रिलमध्ये होते आणि काउन्सेलिंग लगेच सुरू होतं. सीट मिळाली की थोड्या दिवसांत आगाऊ रक्कम आणि मग उरलेली फी भरावी लागते. बिट्सच्या याद्या त्यानंतर लागतात. राज्याचा कॅप राउंड तर आणखी पुढे सरकतो. म्हणजे हातात फक्त व्हीआयटीची सीट असताना पैसे भरायची वेळ येते.

भरलेले पैसे परत मिळतात का? यूजीसीचा २०१८ चा नियम अभिमत विद्यापीठांनाही लागू आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, थोडी प्रक्रिया फी कापून. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे काही नाही. काही वर्षी यूजीसी यापेक्षा उदार परिपत्रक काढतं. २०२४ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा द्यायला सांगितलं होतं. प्रवेश घेताना विद्यापीठानं कोणती तारीख "अंतिम" म्हणून जाहीर केली आहे, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. रद्द करण्याचा अर्ज फोनवर नाही, पोर्टलवर किंवा ईमेलनं करा, म्हणजे तारीख नोंदली जाते.

अर्जाचा खर्च त्यामानानं किरकोळ. २०२४ मध्ये व्हीआयटीईईईचा अर्ज १,३५० रुपयांचा होता. बिटसॅटच्या दोन्ही सत्रांचे मिळून मुलांना ५,४०० आणि मुलींना ४,४०० रुपये. दोन्ही परीक्षांची केंद्रं महाराष्ट्रात आहेत, पिलानी किंवा वेल्लोरला जावं लागत नाही. आणि मध्ये कोणी "बिट्सची मॅनेजमेंट सीट करून देतो" असं म्हणत भेटला, तर वर वाचलंत ते आठवा. अशी सीटच नसते.